माझ्या पायातल्या अळ्या आणि तुमचं टर्पेन्टाइन

अण्णा,

माझ्या उजव्या पायात अळ्या होत्या. पडल्या नव्हत्या, सोडल्या होत्या. डॉक्टरनी, मुद्दाम, माझी सही घेऊन. तुम्ही असता तर ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगितली असती, कारण अळ्या ह्या विषयावर आपल्या घरात बोलायचा अधिकार एकट्या तुमचा. तुमच्या होसकोटेच्या जनावरांच्या दवाखान्यापुढे बैलगाड्या सोडलेल्या असायच्या ना, तिथं आता कारखान्यांच्या बसेस वळतात. तुमचे जावई त्यातल्याच एकीने रोज पहाटे कामाला जातात आणि अंधार पडल्यावर जे. पी. नगरला परत येतात. म्हणजे दिवसभर घरात आई आणि मी, दोघीच. आई चौऱ्यांशीची झाली. गुडघे गेलेत, पण कान शाबूत, डोळे शाबूत, आणि जीभ तर विचारूच नका.

आपल्यात किडे पडणं हा शाप आहे. आई भाजीवाल्यावर चिडली की म्हणायची, हाताला किडे पडतील मेल्याच्या. आणि तुम्ही जन्मभर तेच काढत बसलात. सुट्टीत मला दवाखान्यात घेऊन जायचात तेव्हा मी दाराच्या चौकटीला टेकून उभी असायची. गाईच्या शिंगाच्या बुडाशी, म्हशीच्या खुरात, कुठे कुठे तुमचा चिमटा जायचा, एकेक अळी पितळी वाटीत पडायची, मग टर्पेन्टाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत. एकदा मी फ्रॉकने नाक दाबलं, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाक सोड. तिला कळतं." मला वाटलं, गाईला काय कळणार? पण तुम्ही असं काही म्हणालात की मी निमूट हात खाली घेतला. एरवी तुम्ही आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. घरात तर तुम्ही आणि जिरं, दोन्ही फोडणीत पडल्यावरच तडतडता, असं आई म्हणायची.

तर पायाचं कसं झालं ते ऐका. हसू येईल तुम्हाला. फाल्गुनात आईने वर्षाची चिंच फोडायला काढली. पुढच्या व्हरांड्यात चादर पसरून बसली होती, विळीने टचाटच चिंचोके काढत. एक चिंचोका उडाला तो माझ्या चालायला जायच्या बुटात. मी बूट चढवले, पार्कात फेऱ्या मारल्या, तिथून भाजी घेतली, बँकेत गेले, घरी आले. बूट काढला तर मोजा लाल. अण्णा, मला काही कळलंच नव्हतं. साखर आहे मला बरीच वर्षं, पण पाय इतके मुके झालेत हे त्या दिवशी समजलं. अंगठ्याच्या मुळाशी भोक. चिंचोका मोज्यालाच चिकटून बसला होता, आणि आई म्हणते, "अय्यो, हा तर ह्याच चिंचेतला." जणू ओळखीचा निघाला म्हणून बरं वाटलं तिला.

पुढचं सगळ्यांच्या घरात होतं तसंच झालं. आधी दुर्लक्ष, मग हळद, मग मलम, मग ताप. जखम काळी पडली आणि वास यायला लागला. मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सर्जननी पाय उचलून पाहिला, खाली ठेवला आणि पावलाच्या मध्यावर बोटाने एक रेघ ओढून दाखवली. इथून काढावं लागेल. शिंप्याने पायजम्याची उंची सांगावी तसं. अर्ध्या पावलाने बाई चालते कशी, जिना चढते कशी, आईला कोण उठवणार, काय काय मनात आलं. तुमचे जावई म्हणाले, आणखी एकाला दाखवू. आणखी एक म्हणजे एक पोरगी निघाली. नागपूरची, इंदिरानगरात छोटंसं क्लिनिक, केस डोक्यावर गुंडाळून पेन खोचलेलं. माझं मराठी ऐकून तिला कोण आनंद! "काकू, तुमचं मराठी एकदम क्यूट आहे हो," म्हणाली. तिने पाय सर्जनपेक्षा जास्त वेळ बघितला. पायातलं रक्त कुठवर पोचतं ते मशीनवर तपासलं आणि म्हणाली, "काकू, रक्त बऱ्यापैकी पोचतंय. मेलेला भाग निघाला तर पाय वाचायचा चान्स आहे. बोटांचं मी प्रॉमिस करत नाही. एक ऑप्शन आहे, पण ऐकून पळून जाऊ नका."

मी म्हटलं, पळायला पाय लागतो.

तिने समजावलं तसं तुम्हाला सांगते, कारण मला खरंच विचारायचं आहे की तुम्हाला हे माहीत होतं का. माश्या सगळ्या सारख्या नसतात म्हणे. तुम्ही जनावरांच्या जखमांतून काढायचात त्या बहुतेक वेगळ्या माशीच्या अळ्या. त्या जिवंत मांसात शिरतात, आत आत जातात; त्यांना मारण्यावाचून इलाज नाही. आणि दुसरी एक हिरवी, चकचकीत माशी असते. तिच्या अळ्या फक्त मेलेलं, सडलेलं तेवढं खातात. चघळत नाहीत, दात कुठले त्यांना? तोंडातून रस सोडतात, सडलेल्याचं पाणी करतात आणि पितात. त्यांच्या रसाने जंतूही मरतात. पूर्वीच्या लढायांत रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमांत अळ्या व्हायच्या आणि तीच माणसं वाचायची, असं ती म्हणाली. आता प्रयोगशाळेत अंडी धुऊन, निर्जंतुक करून वाढवतात. "एकदम हायजिनिक, काकू," म्हणाली. हायजिनिक अळी! ऐकावं ते नवलच. पण अण्णा, घाबरण्यापेक्षा मला जास्त उत्सुकता वाटली. तुमचीच मुलगी ना. मी सही केली. आईला मात्र इतकंच सांगितलं की नवीन प्रकारचं ड्रेसिंग आहे, हात लावायचा नाही.

बाटलीतून काढल्या तेव्हा खसखशीच्या दाण्याएवढ्या होत्या. जखमेवर सोडल्या, वर बारीक जाळी, जाळीच्या कडा चिकटवलेल्या, वर सैलसर गॉझ. प्लास्टिक बांधायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. त्यांना हवा लागते, गुदमरतात. घरी येऊन मी पाय स्टुलावर ठेवला आणि बघत बसले. जखमेच्या आत काही कळत नव्हतं, पण कडेला, जिथे कातडी अजून जागी आहे तिथे, मधूनच गुदगुल्या. गॉझ जरा सरकवलं की जाळीखाली हालचाल दिसायची. मी चष्मा बदलून बघितलं, भिंग आणून बघितलं. सगळ्या डोकं खाली करून, शेपट्या वर, रांगेत. पंगत बसल्यासारख्या. माझ्याच अंगाचा मेलेला भाग कुणीतरी जेवतंय आणि मी भिंगातून बघतेय, ह्याची किळस यायला हवी होती. आली नाही. मला उलट वाटत होतं, आता तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसायला हवं होतं. दोघांनी मिळून बघितलं असतं.

दुसऱ्या दुपारी औषधांच्या गुंगीत माझा डोळा लागला. जाग आली ती वासाने. टर्पेन्टाइन. डोळे उघडायच्या आधी, अगदी शपथेवर सांगते, मला वाटलं तुम्ही आलात. दवाखान्यातून परत आलात, आता बाहेर चपला काढाल. डोळे उघडले तर पायाशी आई. पदर खोचलेला, गुडघ्याला लावायची टर्पेन्टाइनची बाटली उघडी, हातात भुवयांचा चिमटा, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि चेहऱ्यावर विजय.

"किडे पडले होते गं तुला! चादरीवर एक चालत होता. त्या डॉक्टरणीला दिसलंच नाही. गॉझ उघडलं तर नुसता बुजबुजाट. पण घाबरू नकोस, मारले मी. सगळे मारले."

जाळी टराटरा फाडून काढली होती. बोळा अगदी तुमच्या पद्धतीने, आतपर्यंत दाबून बसवलेला. अण्णा, दुसऱ्या कुठल्या म्हातारीने किंचाळून शेजार गोळा केला असता. आपल्याच घरातली म्हातारी अळी बघून बोळा भिजवते. तिच्यावर ओरडावं की तिला मिठी मारावी, मला कळेना. मी ओरडले. फार ओरडले. मग खरं काय ते सांगितलं. चिमटा खाली ठेवून ती म्हणाली, "मुद्दाम? मुद्दाम घातले?"

रिक्षा करून क्लिनिकला गेलो. डॉक्टरणीने सलाइनने पुन्हा पुन्हा धुतलं. एकही जिवंत नव्हती. ती म्हणाली, नवीन मागवते, चार दिवस लागतील, पण काळी कड वर सरकतेय. तीही खेप वाया गेली तर आणखी एका खेपेसाठी तुम्हाला थांबायला सांगणार नाही, सर्जनकडे पाठवीन. मग आईकडे वळून नमस्कार करून म्हणाली, "आजी, प्लीज." आई काही बोलली नाही. परतताना रिक्षावाल्याने उगाच एक खड्डा जोरात घेतला तर त्याला मात्र कन्नडमध्ये असं काही झापलं की तो "सरी अम्मा, सरी अम्मा" करत घरापर्यंत मुंगीच्या पावलाने आला.

घरी आल्यावर तिचं तोंड उघडलं. "मी जिवंत असताना ह्या घरात हे होणार नाही. माझी मुलगी काय गाय आहे? गाईच्यासुद्धा काढायचे हे, घालायचे नाहीत. ज्या माणसाने जन्म घालवला किडे काढण्यात, त्याच्याच घरात, त्याच्याच मुलीच्या पायात घालून घेतेस? हे असते तर त्या पोरीला दाराबाहेर काढली असती." मी डॉक्टर काय म्हणाली ते सांगितलं, माश्यांच्या दोन जाती सांगितल्या, फोनवर चित्रं दाखवली. जावयांनी संध्याकाळी येऊन समजावून पाहिलं आणि हात टेकले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नुसतं बोलणं बंद असतं तर चाललं असतं, पण मला तिची भीती वाटायला लागली होती. दिवसभर घरात तीच, बाटली तिचीच, आणि मी औषधाने झोपणारी. लपवली बाटली तर ती दुसरी मागवील. माझा पाय आता डॉक्टरच्या नाही, आईच्या हातात होता.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी ठेवून वळली आणि मी म्हटलं, "अण्णांनीच सांगितलं होतं मला हे."

ती थांबली.

"होसकोटेला एक बैल आला होता. जू घासून खांद्याला जखम. अळ्या भरलेल्या. त्या काढल्या अण्णांनी, आणि मग बोळा घालायच्या आधी थांबले. मला जवळ बोलावलं. म्हणाले, बघ, किती सुंदर धुतलीय जखम. मेलेलं तेवढं खाल्लं, जितं ठेवलं. माणसालाही कधीतरी हे करतील बघ."

बैल खरा होता, अण्णा. जखम खरी. तुम्ही थांबलात तेही खरं; चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ आत बघत राहिलात, इतका वेळ की बैलाचा मालक घाबरून "काय झालं डॉक्टर?" म्हणाला. पण बोलला काहीच नाहीत. मान हलवलीत आणि बोळा उचललात. पुढची वाक्यं सगळी माझी. त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं? खाली गुलाबी, ताजं मांस दिसलं होतं का, की चिमट्यातून सुटलेली एखादी अळी शोधत होतात? नागपूरच्या पोरीला विचारलं तर ती म्हणते दोन्ही जातींच्या अळ्या एका जखमेत असू शकतात, तेव्हा दिसलंही असेल. असेल! ह्या एका शब्दावर मी अजून अडून बसले आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण दारात उभ्या असलेल्या पोरीला त्या वयात काय विचारायचं तेही सुचत नाही.

आई खुर्चीत बसली. पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "हे म्हणाले असं?" मी म्हटलं, हो. "बरं मग," म्हणाली, आणि कॉफी गार झाली म्हणून गरम करायला घेऊन गेली.

दुसऱ्या खेपेला आई स्वतः क्लिनिकमध्ये आली. डॉक्टरणीला विचारलं, किती वेळ राहणार, काय चालत नाही, पंखा चालेल का? आणि घरी आल्यावर जी काही राखण केली तिने! चादर पायावर आली की ओढून टाकायची, "गुदमरतील गं त्या." शेजारीण बघायला आली तर तिला उदबत्तीसुद्धा लावू दिली नाही, धुराने त्यांना त्रास होईल म्हणून. संध्याकाळी माझ्याआधी त्यांची चौकशी: "झोपल्या का?" एकादशीला साबुदाण्याची खिचडी माझ्या हातात देत म्हणाली, "तुझा उपास, त्यांची मेजवानी." स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. टर्पेन्टाइनची बाटली तिने आपणहून मोलकरणीला देऊन टाकली; गुडघे दुखले तरी चालतील, म्हणाली. मीही रोज भिंग घेऊन बसायची. शितासारख्या गुबगुबीत झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जाळी काढली, पाण्याच्या धारेने सगळ्या वाहून आल्या, आणि खाली, अण्णा, डाळिंबासारखी लाल जखम. वास गेला होता. डॉक्टरीण ओरडलीच, "काकू, बघा बघा!" आईनेही वाकून बघितलं. मग पिशवीत बांधून ठेवलेल्या अळ्यांकडे बोट दाखवून विचारलं, ह्यांचं आता काय? डॉक्टरीण म्हणाली, नष्ट करतात, आजी, नियम आहे. आई म्हणाली, "वा रे न्याय. जेवायला बोलवायचं आणि जेवून झाल्यावर मारायचं." पिशवीला तिने पटकन हात जोडले, कुणी बघत नाहीसं बघून. मी बघितलं.

आणखी एक खेप झाली. अंगठ्याशेजारचं बोट गेलंच, ते नाही वाचलं. अंगठा वाचला, पाऊल वाचलं. आता मी घरात काठीशिवाय चालते, बाहेर काठी घेऊन. सर्जनने ओढलेली ती रेघ रोज आंघोळीला मी बोटाने चाचपून बघते. पाऊल तिथे संपत नाही, पुढे आहे. रडू येतं मला, सरळ सांगते. आंघोळीत कोण बघतंय?

पण पत्र लिहायचं कारण हे नव्हे. कारण आई आहे.

ती आता येईल त्याला सांगते. मराठा समाजातल्या बायका बघायला आल्या, खालची कन्नड अक्का आली, जावयांच्या ऑफिसातले आले. प्रत्येकाला बैलाची गोष्ट. "आमचे हे त्या काळी म्हणाले होते, माणसालाही करतील म्हणून." बैलाचा रंग तिने पांढरा ठरवलाय. त्याचा मालक रडत होता असंही घातलंय. लोक तोंडात बोटं घालतात आणि तिचा चेहरा असा फुलतो की मी मध्ये बोलतच नाही. तुम्ही गेल्यावर तुमच्याबद्दल इतकं ती कधी बोलली नव्हती.

परवा दुपारी मात्र कुणी नव्हतं. शेंगा सोलत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "तुला सांगितलं. मला का नाही सांगितलं?"

मी पुढची शेंग उचलली.

"जन्मभर मी यांना मागच्या दाराने घ्यायची. हंड्यातलं पाणी बाहेरच ठेवायची, आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. कामाचं काही सांगायला लागले की म्हणायची, जेवताना नको. म्हणून असेल. इतकं चांगलं काहीतरी बघून आले असतील त्या दिवशी, आणि मी म्हटलं असेल, आधी आंघोळ." शेंग हातात तशीच राहिली तिच्या. "त्यांना वाटलं असेल, हिला किळस येते. येत नव्हती गं. तशी पद्धत होती म्हणून करायची मी."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. सांगितलं असतं तर तुमचं ते वाक्य तिच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. नाही सांगितलं तर हा काटा तिच्या मनात राहतोय. खरं तर आता माझंही काही खरं राहिलेलं नाही. बैल आठवला की तुमचा आवाज ऐकू येतो मला, स्पष्ट, "बघ, किती सुंदर धुतलीय." तुम्ही म्हणाला नव्हतात हे मला दर वेळी स्वतःला बजावून सांगावं लागतं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, ठाऊक आहे. पण आई आज ना उद्या येईल तिकडे, आणि आल्या आल्या विचारील, ओळखता ना तिला. तेव्हा नाही म्हणू नका, अण्णा. म्हणा, हो, म्हणालो होतो. आणि म्हणा, त्या दिवशी आंघोळ करून तुलाच सांगायला आत येत होतो.